फाटकवाल्याच्या जागेसाठी केलेल्या अर्जाची हकीकत

सोनी, उसांबारा डोंगर,
रविवार, दुपारचे दोन.

आदरणीय मझिगोदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा झकायो शेमवेता याचा डोंगरावरून, तळ्याच्या दिशेला तोंड करून, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? नवी होडी पाण्यात उतरली का, आणि उतरल्यावर वरच राहिली का? बेटावर ज्यांना माझा नमस्कार घ्यावासा वाटेल त्या सगळ्यांना तो पोचवा. (एका व्यक्तीला पोचवण्याआधी मात्र तिचा चेहरा बघून घ्या.) मी इथे अगदी मजेत आहे. हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं. घरगुती पत्रात सुरुवातीलाच लिहिणाऱ्याने आपली खुशाली कळवावी, असं मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं. ती खुशाली खरी असावी, असं मात्र कुठे म्हटलेलं नव्हतं.

या पत्राला कारण तुम्हीच आहात, दादा. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या फोनवरून माझ्या फोनवर एक फोटो आला. संत अगाथा मुलींच्या निवासी शाळेचा सूचनाफलक, आणि त्यावर एक कागद: ‘फाटकावर माणूस पाहिजे. पुरुष, वय पन्नासच्या वर, लिहिता-वाचता येणारा, दारू न पिणारा. अर्ज मुख्याध्यापिका सिस्टर युस्ता यांच्या नावे करावा.’ फोटोखाली तुमचं एक अक्षर नाही. आता तुम्ही मासे विकणारे, तुमचे हात ओले, तुमचा फोन स्वतःच्या मर्जीने फोटो पाठवतो हे मला ठाऊक आहे. (ईस्टरला तुमच्या अंगठ्याचे अकरा फोटो आले होते. ते आम्ही जपून ठेवले आहेत. आम्ही म्हणजे मी.) त्यामुळे हा फोटो चुकून आला की मुद्दाम, याचा विचार करण्यात माझे दोन दिवस गेले. कारण त्या शाळेच्या वसतिगृहाची मेट्रन कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ती इथून का गेली, याबद्दल तिने तुम्हाला काय सांगितलं, ते मला माहीत नाही. तिच्या स्वभावाप्रमाणे तिने काहीच सांगितलं नसणार. म्हणून मी सांगतो, आणि माझी बाजू जितकी वाईट आहे तितकीच लिहितो, कमी-जास्त नाही. मला निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते. दिवसाला दीडशे मुलांच्या चुका काढणारा माणूस घरी बसला, की सगळ्या दीडशेंचा वाटा घरात जो कोणी असेल त्याच्या पदरी येतो. घरात तुमची बहीण न्यामविझा होती. तुम्ही तळ्याकाठची माणसं ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणता. सारा देश पत्राला बारुआ म्हणतो, ती बालुआ म्हणते, आणि तुमची पत्रं तरीही पोचतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली तोवर हे मी चालवून घेतलं होतं, कारण मी घरी नसायचो. आता ती चहा देताना बोलली की मी कप खाली ठेवायच्या आत दुरुस्त करायचो. हळूहळू ती चहा देताना बोलेनाशी झाली. मला वाटलं, सुधारणा होते आहे.

एका संध्याकाळी तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. ‘बघा जरा, बरोबर लिहिलंय का,’ म्हणाली आणि चुलीकडे गेली. मी लाल पेन काढलं. अकरा चुका निघाल्या. पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या बाजूला. तारखेत वर्ष नाही. विषयाखाली रेघ नाही. ‘वरील विषयास अनुसरून’ हे शब्द, ज्यांच्याशिवाय या देशात आजवर एकही अर्ज उभा राहिलेला नाही, ते गैरहजर. आणि मधेच एक वाक्य होतं: ‘माझ्या घरात दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मला बोलणाऱ्या मुलींमध्ये राहायचं आहे.’ त्याखाली मी दोन रेघा ओढल्या आणि समासात लिहिलं, ‘वैयक्तिक मजकूर. अर्जात नको.’ वीसपैकी नऊ गुण दिले (त्यातला एक स्वच्छ अक्षराचा) आणि कागद परत केला. तिने तो वाचला. नीट घडी घातली. ‘बरं,’ म्हणाली आणि ताट वाढलं.

दादा, तो अर्ज मी पूर्ण तपासला होता. वाचला नव्हता. नोकरी कसली, गाव कुठलं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं, ती ट्रंकेला दोरी बांधत होती तेव्हा. आणि अर्ज तिने दुरुस्तही केला नव्हता, माझ्या लाल शाईसकट तसाच पाठवला होता. सिस्टर युस्तांनी तो वाचला आणि उलट टपाली तिला बोलावून घेतलं.

याला आता सतरा महिने झाले. शेजाऱ्यांना मी सांगितलं की सासूबाई आजारी आहेत. (तुमच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली, मी स्वतः त्यांच्या मातीला आलो होतो, देव मला क्षमा करो. इथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे त्यांची तब्येत आता सुधारते आहे.) सोंगेयाला दिलेल्या आमच्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही दोघं मोठे आहात, आपापसांत बघा.’ न्यामविझा महिन्यातून एकदा फोन करते. पेन्शनचा कागद पत्र्याच्या पेटीत आहे, कोंबड्यांच्या खुराड्यात राख टाका, थंडी वाढली की पायमोजे घाला. तीन मिनिटं. मी ‘हो’ म्हणतो. फोन बंद झाल्यावर मला काय बोलायचं होतं ते आठवतं, मग ते मी कोंबड्यांना सांगतो. त्यांतल्या दोघी ऐकतात. घर मोठं वगैरे झालेलं नाही, होतं तेवढंच आहे. फक्त संध्याकाळी धुकं खाली उतरलं की मी दार कोणासाठी लावायचं आणि कोणासाठी उघडं ठेवायचं, हे कळत नाही, म्हणून अर्धवट ढकलून बसतो. आणि गेल्या पावसाळ्यात एक गंमत झाली. मी टपाल कचेरीत गेलो आणि खिडकीतल्या बाईंना चारचौघांत विचारलं, ‘माझी काही बालुआ आली आहे का?’ बाई माझी जुनी विद्यार्थिनी. तिने मान खाली घातली आणि हसू दाबलं. ज्या अक्षराशी मी इतकी भांडणं केली, ते ती गेल्यावर माझ्याच तोंडात राहायला आलं आहे, आणि खरं सांगायचं तर मी त्याला जा म्हणत नाही.

असो. तर मी अर्ज करायचं ठरवलं. कागद पुढे घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की मी जन्मात एकही अर्ज केलेला नाही. आमच्या वेळी अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो की सरकार बोट दाखवायचं आणि आम्ही ट्रंक उचलायचो. अर्ज कसा करावा हे मी जवळजवळ चार हजार मुलांना शिकवलं, त्यांतली कितीतरी त्या अर्जांवर नोकरीला लागून डोंगर उतरून गेली, आणि मी मात्र काठावर उभा राहून पोहायला शिकवणारा माणूस. तरी बसलो. पत्ता उजवीकडे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा बोटभर आत. तारीख. डावीकडे सिस्टरांचा पत्ता. महोदया. विषय, त्याखाली पट्टीने रेघ. मग ‘वरील विषयास अनुसरून’ आणि तिथून जो निघालो तो चार पानं थांबलो नाही. कुठे शिकलो, कुठे शिकवलं, तपासणी अधिकाऱ्यांनी कोणत्या साली काय शेरा दिला. चौथ्या पानाच्या तळाशी आठवलं की जागा फाटकावरची आहे, म्हणून लिहिलं, ‘फाटक उघडता व लावता येते.’ शेवटी आमच्या पिढीचा समारोप: ‘राष्ट्र उभारणीत आपला’.

लिफाफा चिकटवणार तेवढ्यात अंगावर काटा आला. माझं अक्षर! सिस्टर युस्तांनी माझं अक्षर पाहिलेलं आहे, लाल शाईत, अकरा ठिकाणी. ‘वैयक्तिक मजकूर. अर्जात नको’ हे लिहिणारा हात त्या लगेच ओळखतील. म्हणून टाइप करून घेणं आलं, आणि टाइप करून घेणं म्हणजे तातूच्या दुकानात जाणं आलं.

तातू तुम्हाला आठवत नसेल. बस थांब्यासमोर तिचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पस्तिशीची, दोन मुलांची आई, जिभेला कुलूप नाही. माझ्याच वर्गात होती.

‘मास्तर, पत्रलेखनात तुम्ही मला वीसपैकी सहा दिले होते,’ कागद हातात घेत ती म्हणाली. ‘आज माझं घर त्याच सहांवर चाललंय. चार पानं? अहो, एका पानात आटपा. सिस्टर लोकांना प्रार्थनाही करायच्या असतात.’

मी म्हटलं, कर कमी, पण पत्ता उजवीकडे राहू दे. तर म्हणाली, आता सगळं डावीकडे असतं. कोणी ठरवलं, विचारलं. ‘कॉम्प्युटरने,’ ती म्हणाली. दादा, तुमच्या बहिणीचा पत्ता डावीकडे होता. म्हणजे अकरातली एक चूक गेली. मग तातूने विषयाखालची रेघ काढून अक्षरं नुसती ठळक केली, म्हणाली रेघा आता कोणी मारत नाही, राहिल्या नऊ. ‘वरील विषयास अनुसरून’ तिने मला न विचारताच उडवलं. मी उठून उभा राहिलो, तर म्हणाली, ‘बसा मास्तर, विषय वर दिसतोच आहे, त्यांना डोळे आहेत.’ आठ. त्या दुकानात तास-दीड तासात माझी पस्तीस वर्षं डावीकडे सरकली, आणि बेटावरची एक बाई पास होत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला घरी जाऊन तिला सांगावंसं वाटत होतं, की न्यामविझा, तुझे गुण वाढले. घरी सांगायला कोणी नव्हतं, म्हणूनच तर अर्ज करत होतो.

पुढे तातूने सांगितलं की आपल्याकडे तयार नमुना आहे, नाव बदललं की झालं. पडद्यावर वाचून दाखवला: ‘मी तरुण, तडफदार, दडपणाखाली काम करू शकणारा...’

‘तातू, मी एकसष्ट वर्षांचा आहे.’

‘तरुण काढते. तडफदार ठेवू?’

ठेव म्हटलं. (माणसाला कधीतरी मोह होतो.) छापलं, मी सही केली, आणि सही केल्यावर वाचलं. ही माझी खोड तुम्हाला आता माहीत झालीच आहे. शेवटच्या परिच्छेदात होतं, ‘केस सरळ करण्याचा व खोट्या वेण्या बसवण्याचा पाच वर्षांचा अनुभव.’ आदल्या दिवशी कोणा मुलीने सलूनसाठी अर्ज केला होता, तिची ओळ राहून गेली होती. तातू म्हणाली, मुलींची शाळा आहे, असू द्या, उपयोगी पडेल. मी तो कागद फाडला आणि म्हटलं, नमुना नको, मी सांगतो, तू टाइप कर.

आता गाठ पडली ती खऱ्या ओळीशी. तुमच्या फोटोतल्या कागदावर लिहिलं होतं, ‘आमच्याच संस्थेत काम का करावेसे वाटते, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे.’ (स्वतःच्या शब्दांत, दादा! म्हणजे वैयक्तिक मजकूर आता मागूनच घेतात. सात.) मी मनाशी ठरवलं होतं की शिस्त आणि शिक्षणसेवा असं काहीतरी सांगायचं. घसा साफ केला. तोंडातून वेगळंच बाहेर आलं. मी म्हणालो, लिही, की त्या शाळेची मेट्रन रोज सकाळी सहाला वसतिगृहाच्या ओसरीवरून मुलींना उठवत जात असणार, ती जाताना मला फाटकावरून बघायची आहे. लिही, की इथे असताना ती सकाळी अंगण झाडताना तळ्याकडचं होडी वल्हवायचं गाणं म्हणायची आणि मी आतून विचारायचो की हे व्याकरणात कसं बसतं. इथे थंडी पडली की ती हात काखेत धरून चालायची. तुमच्या बेटावर थंडी नाही, मग हल्ली ती चालताना हातांचं काय करते, हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे मला सहन होत नाही. फाटकावर राहिलो तर निदान तेवढं दिसेल. तिने माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. मी फाटक उघडीन, ती बाजाराला जाईल. मी लावीन. ती आली की पुन्हा उघडीन.

यंत्राचा आवाज केव्हाच थांबला होता. तातू पडद्याकडे बघत बसली होती. तिच्या मांडीवरचं पोर तेवढं माझ्याकडे बघत होतं.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘हे अर्जात बसत नाही.’

‘मग कशात बसतं?’

‘पत्रात. त्यांनाच पाठवा ना.’

‘पत्राचा विषय काय लिहू?’

‘घरच्या पत्राला विषय नसतो. तुम्हीच शिकवलंत.’

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. अर्ज नाकारला, तर नियम होता, वय होतं, दुसरा बरा मिळाला, असं काहीतरी म्हणून माणूस घरी येऊन चहा ठेवू शकतो. पत्र नाकारलं, तर काय म्हणायचं? तातूने डोळे पुसले, (पोराला सर्दी आहे, तिलाही लागली म्हणाली,) आणि त्या साऱ्याच्या जागी एक ओळ टाकली: ‘शिस्त व शिक्षणसेवेची आवड.’ आधीचं पान तिने पुसलं. पुसलं, असं ती म्हणते.

एवढं झाल्यावर मला वाटलं सुटलो. पण तातूने शेवटची खात्री करायला तुमचा फोटो मोठा करून पाहिला. खाली डाव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आला आहे. अंगठ्याच्या बाजूने एक बारीक ओळ डोकावत होती: ‘संस्थेत जवळचे नातेवाईक नोकरीस असल्यास नाव व नाते लिहावे. एका कुटुंबातील एकासच नोकरी दिली जाईल.’

तातूने माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या अंगठ्याकडे पाहिलं.

‘नाही म्हणून लिहायचं,’ ती म्हणाली. ‘त्या तिकडे, तुम्ही इकडे. कोणाला कळतंय?’

‘अख्ख्या बेटाला माहीत आहे. तिचा भाऊ धक्क्यावर मासे विकतो.’

‘मग बेटाला माहीत असू दे. कागदावर नाही.’

तिने लिहिलं, ‘नाही’. छापलं. या खेपेला मी आधी वाचलं, मग सही केली. शुद्धलेखनाची एक चूक नाही, समास चारी बाजूंनी सारखा, इतका देखणा कागद माझ्या हातून आजवर झाला नव्हता. पार्सलची बस निघून गेली होती, म्हणून लिफाफा घरी नेला.

तो तीन दिवस घरात राहिला. पहिल्या दिवशी शेजारच्या किहियोबाईंनी कुंपणावरून विचारलं, सासूबाई कशा आहेत? मी म्हटलं, आता भाकरतुकडा खातात. आत येऊन बसलो तर टेबलावर लिफाफा. मनात आलं, मेलेल्या सासूला मी सतरा महिने जिवंत ठेवलं, आणि जिवंत बायकोला एका शब्दात नाही करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाची उगाली शिजवली, ती गिळवेना, कोंबड्यांना घातली. लिफाफा कपाटात ठेवला, तर कपाटात तिचं एक हिरवं कापड राहिलं आहे, त्याच्याजवळ तो ठेववेना; बाहेर काढला. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. म्हटलं, झकायो, एक शब्द तर आहे, आणि तो लिहिलास तर रोज सकाळी सहाला ती दिसेल. आणि ‘आहे’ लिहिलंस, तर ती तुझी आहे असं म्हणून तू तिला लांबच ठेवशील. हिशोब अगदी सरळ होता. तरी रात्रभर तो ‘नाही’ माझ्या छातीवर चुकीच्या जागी दिलेल्या पूर्णविरामासारखा बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी तातू दुकानाची फळी काढत होती तेव्हाच मी जाऊन उभा राहिलो.

‘ती ओळ बदल.’

‘मास्तर, “आहे” म्हटलंत तर नोकरी गेली.’

‘ठाऊक आहे.’

‘मग अर्ज कशाला करताय?’

(याचं उत्तर मला आता इतक्या आठवड्यांनंतरही येत नाही. सुचलं तर कळवा.) मी तिला सांगितलं, लिही: ‘आहे. न्यामविझा, मेट्रन. नाते: पत्नी (माझ्या बाजूने).’

‘कंस कशाला?’

‘कंस राहू दे. तिच्या बाजूचं मी कसं लिहिणार? मला माहीत नाही.’

तातूने छापून दिलं आणि त्या पानाचे पैसे घेतले नाहीत. त्याच दुपारी लिफाफा बसने गेला. शिफारस देणाऱ्याच्या जागी मी तुमचं नाव घातलं आहे, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं, ते इथे विचारतो.

मग पाच आठवडे गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी दाढी रोज करत होतो, का कोण जाणे. टपाल कचेरीतली माझी विद्यार्थिनी मला लांबूनच मान हलवून दाखवायची, म्हणजे मला बालुआ म्हणावं लागू नये. गेल्या मंगळवारी तिने मान हलवली नाही. लिफाफा वर धरला.

तो मी तिथे फोडला नाही. तातूच्या दुकानात नेला आणि तिलाच वाचायला दिला, कारण माझा चष्मा ओला झाला होता, धुक्यामुळे. तिने उभ्याने वाचलं: ‘आपला अर्ज मिळाला. आपली पात्रता जागेच्या मानाने फारच अधिक असली, तरी संस्थेच्या नियमानुसार आपणास ही नोकरी देता येत नाही, हे कळविण्यास खेद होतो.’ तातूने ओठ चावला. मी म्हटलं, चालायचंच, पुढे सही कोणाची आहे? ती म्हणाली, थांबा, अजून आहे. ‘आपण नमूद केलेल्या नात्याबाबत मेट्रनबाईंकडे चौकशी केली असता, नाते बरोबर आहे, मात्र कंसातील मजकूर काढावा, असे त्यांनी लेखी कळविले आहे. त्यानुसार आपल्या अर्जात दुरुस्ती करण्यात आली आहे.’

दादा, ती ओळ मी तातूकडून तीन वेळा वाचून घेतली. मग दुकानात जितकी माणसं होती तितक्यांना सोडा पाजला. एक गृहस्थ शेळीच्या विक्रीचा कागद झेरॉक्स करायला आले होते. त्यांना वाटलं मला नोकरी लागली. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं. ते पत्र मी तिथेच लॅमिनेट करून घेतलं. तातू म्हणाली, नकार लॅमिनेट करणारे तुम्ही पहिलेच. आता ते टेबलावर उभं आहे. कोंबड्यांनाही वाचून दाखवलं. त्या दिवशी तिघींनी ऐकलं.

पण कालपासून मला झोप नाही. मी भाषेचा मास्तर आहे, मला वाक्य नुसतं वाचता येत नाही, ते सोलून बघावं लागतं. ‘कंसातील मजकूर काढावा.’ याचा अर्थ असा होतो, की ‘माझ्या बाजूने’ असं म्हणायची गरज नाही, नातं दोन्ही बाजूंनी आहे. हा अर्थ मी मंगळवार ते शुक्रवार लावला, आणि माझं वजनही वाढलं. पण याचा दुसराही अर्थ होतो. अर्जात कंस वापरू नयेत, हा माझाच नियम आहे. तो मी वर्षानुवर्षं घरात मोठ्याने मुलांच्या वह्या तपासताना बोलत आलो, आणि ती ऐकत होती. तिने नुसती माझी चूक काढली असेल तर? वीसपैकी किती दिले असतील? आता तुम्हीच सांगा, दादा, एवढ्या अंतरावरून माणसाने यातला कोणता अर्थ घेऊन झोपावं?

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार, होडीला शुभेच्छा, गुडघ्याला गरम फडकं.

राष्ट्र उभारणीत आपला
(सवयीने लिहिलं, खोडत नाही),
झकायो शेमवेता

ता. क. खरं म्हणजे एक छोटं काम होतं. तिने जे ‘लेखी कळविले’, तो कागद शाळेच्या फायलीत असणार. सिस्टरांना गोडीत विचारून त्याची एक झेरॉक्स मिळवता आली तर बघा. दोन्ही बाजूंची. मागे काही नसलं तरी चालेल.

ता. क. २. झेरॉक्सचं राहू द्या. वर सगळं मी ज्या शांतपणे लिहिलं आहे तितका शांत मी नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारचं, तळ्याकाठच्या म्वांझाचं बसचं तिकीट माझ्या खिशात आहे. पत्र लिहायला बसलो त्याच्या आधीपासून आहे. शनिवारी सकाळच्या बोटीने मी बेटावर उतरेन. नोकरीसाठी नाही, ती तर गेलीच. तुमच्या ओसरीवर एक चटई पुरेल. कोंबड्या तातू बघणार आहे.

ता. क. ३. मात्र मी येतो आहे हे तिला आधी सांगा, अचानक फाटकाशी उभं राहणं बरं दिसत नाही. ती ‘या’ म्हणाली, तर काहीच कळवू नका, मी निघालेलाच असेन. ती ‘नको’ म्हणाली, तर ते तसं कळवू नका, दादा. बोट दुरुस्तीला गेली आहे, एवढंच फोनवर सांगा. मी विश्वास ठेवीन, तिकीट परत करीन, शेजाऱ्यांनाही तेच सांगेन. फक्त ही दुरुस्ती साधारण किती दिवस चालेल, तेवढं तिला विचारून घ्या.